क्लचमधली हवा

प्रिय ठोंब्या,

तुझा निरोप मिळाला. बाबा फोनवर ‘बरं, बरं’ म्हणतात आणि ठेवून देतात, तेव्हा यापुढे फोन करणार नाही, सुट्टीत घरीही येणार नाही, असं कळवलंस. तू दूरची नोकरी धरलीस म्हणून ते अजून डूख धरून आहेत, असं तुझं म्हणणं. मलाही तसंच वाटत होतं, म्हणून मधे पडले नाही. तुम्हा दोघांच्या भांडणात पडून मी कधी शहाणी ठरलेय?

आधी गाडीचं सांगते. आपल्या जुन्या गाडीचा क्लच बसला. पेडल दाबलं की थेट तळाला, आणि गियर टाकायला जावं तर नुसती करकर. गॅरेजचं नाव काढलं की बाबा कसे भडकतात, ते तुला काय सांगायचं. क्लचच्या नळीत हवा शिरलीय, घरीच काढू, म्हणाले. मग दर रविवारी मी त्यांच्याकडे हजर. बाबा गाडीखाली, मी सीटवर.

तुला आठवतं? लहानपणी माझा पाय पेडलला पुरायचा नाही, मी स्टिअरिंगला लोंबकळून अर्धी सीटखाली घसरायचे. पेडल दणादण हापसायचं, मग घट्ट दाबून धरायचं आणि ‘दाबलं’ म्हणून ओरडायचं. बाबा खालचं हवा काढायचं निपल सैल करायचे, तेल आणि बुडबुडे बाटलीत यायचे, निपल आवळलं की ‘सोड’ म्हणायचे. त्याआधी पाय उचलला की हवा उलटी आत आणि सगळं मुसळ केरात. तू बाटली धरून बाबांशेजारी आडवा पडलेला असायचास. बुडबुडे संपले की केसांत तेल माखून असा ऐटीत बाहेर यायचास, जसा काही क्लच तूच बनवलास. आई खिडकीतून बघून हसायची. फार आठवतात रे ते रविवार.

या खेपेला मात्र हवा संपेचना. बाबांनी रबर किट बदललं, वरच्या सिलिंडरला शिव्या घातल्या, तेलाला घातल्या, शेवटी माझी पाळी आली. म्हणे तुझा पाय लवकर सुटतो. पेडल जरा घट्ट व्हायचं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

मागच्या रविवारी माझी चप्पल पेडलखाली अडकली. ती काढायला वाकले, पाय पेडलवर नव्हताच, तोंडातून शब्दही नाही, आणि खालून बाबा म्हणाले, हां, अशीच धरून ठेव. मी चक्रावले. मग मुद्दाम म्हटलं, बाबा, भंगारवाला आलाय, गाडी देऊन टाकू का. एरवी पाना उगारून बाहेर आले असते. खाली सगळं शांत. मोठ्यांदा म्हटलं, तरी शांत. अरे, माझं ‘दाबलं’ त्यांना ऐकूच येत नव्हतं. ते अंदाजाने निपल उघडायचे, तेव्हा मी पेडल हापसत असायचे, आणि पेडल वर आलं की हवा आत.

मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. आई त्यांना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, आणि ‘तुझी रेकॉर्ड अडकली’ म्हणून आपण तिला चिडवायचो. तिला ठाऊक होतं. तिने कुणाला कळू दिलं नाही, आणि ती गेल्यावर आपल्यालाही कळलं नाही.

मी बाबांना काही बोलले नाही. ते चहाला बाहेर आले तेव्हा मी समोर बसून म्हटलं, माझा घसा बसलाय, तुमच्या मनगटाला सुतळी बांधते, ओढली की उघडा. तासाभरात क्लच असा घट्ट झाला की बस. श्रेय अर्थात रबर किटला.

हात धुताना त्यांनी माझ्याकडे न बघता तुझ्याबद्दल विचारलं, की तो हल्ली फोनवर इतका हळू का बोलतो? बरं नाही का त्याला? माझ्याशी बोलायची भीती वाटते का? मला शब्द कळत नाहीत, पुन्हा पुन्हा विचारून त्याला कशाला त्रास, म्हणून ठेवून देतो, म्हणाले. म्हणून हे लिहायला बसले. फोन करू नकोस, तेवढं तुझं बरोबरच आहे. सुट्टी मिळाली की ये, त्यांच्या पुढ्यात बस आणि बोल.

वाट बघणारी,
तुझीच ताई