गिड्ड्याची सत्ता

२ जुलै
आजपासून मी फील्ड सुपरवायझर. होटगीच्या पुढचा माळ, एका संस्थेची झाडे, हंगाम तीन महिन्यांचा. कडुनिंब, करंज, चिंच. लावणारी टोळी अक्कलकोटकडची. ही माणसे पावसाळ्यात झाडे लावतात, दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. टोळीची पुढारी नीलम्मा, तिचा नवरा धोंडप्पा. दोघेही माझ्यापेक्षा उंच. ही गोष्ट मला पहिल्या क्षणापासून खटकली आहे.

संस्थेच्या चेतना मॅडम म्हणाल्या, ऑगस्टात पाहणी आहे, झाडे जगली तर तुम्हाला कायम करण्याचा विचार करू. म्हणजे झालोच कायम. मग सोलापुरात खोली घ्यायची आणि ऋतुजाला टेंभुर्णीहून आणायचे. लग्नाला वर्ष होत आले. ती तिकडे माझ्या आईजवळ, मी इकडे मेसचा डबा खातोय. टेंभुर्णीत सगळ्यांचा समज झालाय की मी फॉरेस्टमध्ये साहेब लागलो. मी तसे कधी म्हणालेलो नाही. कोणी म्हणाले तर अडवत नाही, इतकेच.

संकल्प : कोणावरही विश्वास ठेवायचा नाही.

४ जुलै
पाऊस चांगला. खड्डे आधीच खणलेले. बायका पाटीतून रोपे वाहतात, पुरुष ब्लेडने पिशवी फाडून मातीच्या गड्ड्यासकट रोप खड्ड्यात उभे करतात, माती पायाने दाबतात, भोवती आळे करतात. काम भराभर चालते. इतके भराभर का चालते? घाई कसली आहे?

माझ्याशी मराठीत बोलतात. आपसात कन्नड. संशय यायला एवढे पुरे. त्यांना वाटते मला कळत नाही. सोलापुरात कॉलेजला असताना मी तीन वर्षे कन्नड आचाऱ्याच्या मेसमध्ये जेवलोय. 'बेकू' म्हणजे पाहिजे, 'साकू' म्हणजे पुरे, 'बा' म्हणजे ये, 'नाळी' म्हणजे उद्या. बाकीचे संदर्भाने लावता येते. मात्र हे त्यांना कळू द्यायचे नाही.

८ जुलै
पाळत ठेवायची नवी पद्धत. बाभळीखाली आडवे व्हायचे, तोंडावर रुमाल टाकायचा, झोपल्याचे सोंग करायचे. म्हणजे माणसे मोकळेपणी बोलतात. आज प्रयोग केला. सोंग इतके चांगले वठले की धोंडप्पाने दुपारी हलवून उठवले. म्हणाला, "साहेब, ऊन आलं अंगावर. सावली तिकडं गेली की."

म्हणजे तोही माझ्यावर लक्ष ठेवून आहे.

१५ जुलै
लावणी संपली. पावसाने दडी मारलीय. नीलम्मा आली. "साहेब, पाऊस कुटं हाय? रोपं माना टाकायलीत. टँकरला फोन लावा की." टँकर ऑफिसने ठरवून दिलाय, फक्त मी फोन करायचा. म्हणालो, विचाराधीन आहे.

मोबाईलवर उद्या पाऊस दाखवतोय. टँकर मागवला आणि पाऊस आला, तर मॅडम म्हणतील याला साधे नियोजन जमत नाही. ही बाई मला नेमके तेच करायला का सांगते?

१८ जुलै
मोबाईलवर अजूनही उद्याच दाखवतोय.

आज रुमालाखालून बरेच ऐकले. सगळे करंजाच्या ओळीपाशी उकिडवे बसले होते. नीलम्मा म्हणाली, "गिडा सत्ताव." धोंडप्पा मान हलवून म्हणाला, "नीर इल्ल, गिडा सत्ताव." मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

गिड्डा म्हणजे कोण, हे सांगायला नको. माझी उंची बेताची आहे. सत्ता म्हणजे सत्ता. गिड्ड्याची सत्ता! आणि ही नीर कोण?

१९ जुलै, सकाळ
रात्रभर विचार करून लावले. नीर हे नीरूचे लाडके रूप. नीरू ही बाई आहे. नीलम्माची बहीण किंवा भाची असणार. शिकलेली असणार. मला काढून तिला सुपरवायझर करायचे घाटतेय.

१९ जुलै, संध्याकाळ
खात्री पटली. नीलम्मा माझ्याकडे पाठ करून फोनवर बोलत होती. "नाळी नीर बर्तद? नाळी?" नाळी म्हणजे उद्या. पुढचे सरळ आहे. नीरू उद्या येतेय.

ऋतुजाला फोनवर सांगितले की माझ्या जागेवर एका बाईचा डोळा आहे. तिने पहिले विचारले, दिसायला कशी आहे? म्हणालो, अजून पाहिली नाही. मग तिने फोन आईकडे दिला. बायकोलासुद्धा आपली बाजू कळू नये याचे फार वाईट वाटले.

२० जुलै
पकडले!

पहाटेपासून रस्त्याच्या फाट्यावर उभा होतो. उन्हे वर आल्यावर एक पाण्याचा टँकर आला. मी टँकर मागवलेला नाही. मग आला कसा? वेषांतर चांगले होते, पण माझी नजर केबिनमध्ये गेली. ड्रायव्हरशेजारी एक बाई बसलेली. हातात पिशवी. म्हणजे राहायच्या तयारीने.

मी आडवा उभा राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "नीर तंदीनि." त्याने स्वतःच्या तोंडाने नाव घेतले. म्हणालो, नीरूला आल्या पावली परत घेऊन जा. तो माझ्याकडे बघत राहिला. मग खिडकीतून डोके काढून मोठ्याने, आणि मुद्दाम मराठीत, म्हणाला, "आवो पानी हाय, पानी! नीलम्मानं बोलावलंय!" नीलम्माने बोलावलेय हे मला माहीतच होते. मी हललो नाही. ती बाई काहीतरी पुटपुटली. तिच्या चेहऱ्यावरचा निराशेचा भाव मी बरोबर टिपला.

टँकर वळवून नेला. आज मी माझी नोकरी वाचवली. दुपारी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२१ जुलै
टोळीत सुतकी शांतता. कोणी माझ्याशी बोलत नाही. कट फसल्यावर माणसे अशीच होतात. नीलम्माने घागर उचलली आणि लांबच्या विहिरीवर गेली. मागोमाग सगळ्या बायका. दिवसभर डोक्यावरून पाणी आणून घालत होत्या. मला दाखवायला चाललेय. मी पाहिले नाही.

२९ जुलै
घागरी चालूच आहेत. एवढ्या माळाला त्या कुठे पुरणार? चिंचा हिरव्या आहेत. करंज तपकिरी झालाय. तो मुळातच तपकिरी असावा.

मोबाईलवर उद्या पाऊस आहे.

५ ऑगस्ट
पाहणी झाली.

मॅडम ओळींतून फिरल्या. एक करंज हाताने ओढला, तो हातात आला. त्यांचा चेहरा पडला. हीच वेळ होती. मी त्यांना बाजूला घेऊन सगळा कट सांगितला. म्हणालो, मी यांची भाषा जाणतो, हे त्यांना माहीत नाही. मग तिघांच्या तोंडची वाक्ये जशीच्या तशी म्हणून दाखवली. उच्चारासकट.

मॅडम मूळच्या अक्कलकोटच्या निघाल्या. घरी कन्नडच बोलतात.

सुरुवातीला त्या हसल्या नाहीत, ते जास्त वाईट झाले. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "गिडा म्हणजे झाडं. सत्ताव म्हणजे मेली. नीर म्हणजे पाणी, इल्ल म्हणजे नाही." आणि मग हसल्या. मागे धोंडप्पाला खोकल्याची उबळ आली. मला त्या मेलेल्या करंजाच्या खड्ड्यात उतरावेसे वाटले, पण तो उथळ होता.

हसून झाल्यावर मॅडमचा आवाज बदलला. म्हणाल्या, "पण टँकर का आला नाही? टँकरवाला म्हणतो, पाठवला होता."

डोळ्यांपुढे ऋतुजा आली, सोलापूरला यायला तिने भरून ठेवलेली बॅग आली. सगळे संपले. मी नीलम्माकडे पाहिले. आता ती बोलणार. तिच्या जागी मी असतो तर केव्हाच बोललो असतो.

नीलम्मा बोलली. "टँकर येतच व्हता की, मॅडम. फाट्यापाशी चाक फुटलं."

"व्हय," धोंडप्पा म्हणाला, "दोन चाकं."

मॅडमनी त्या दोघांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, उद्या टँकर येईल. मेलेल्या जागी नवी रोपे लावून नांग्या भरून घ्या, मग काय ते ठरवू.

माझे डोळे भरून आले. मातीमुळेही असेल.

६ ऑगस्ट
टँकर आला. केबिनमधली ती बाई ड्रायव्हरची बायको. नाव केराबाई. त्या दिवशी होटगीला माहेरी निघाली होती. आज मला पाहिल्यावर तिने काच वर केली.

मीही पाइप धरला. नांग्या भरायला खड्ड्यात उतरलो. पहिले रोप पिशवीसकट लावले. नीलम्माने ते उपसून पुन्हा हातात दिले. मी काही मनात आणले नाही. म्हणजे थोडे आणले.

१२ ऑगस्ट
हाताला फोड. पाठ धरलीय. दुपारी त्यांच्यातच जेवलो. कडक भाकरी, शेंगाचटणी. मी बसलो की ते मराठीत बोलू लागतात. आता हेही खटकतेय. खोटे बोलून मला वाचवले, ते कशासाठी? कोणी फुकट कोणाला वाचवत नाही. याच्या मागे काहीतरी आहे.

२४ ऑगस्ट
पाऊस लागला. नांग्या भरून झाल्या. रोपांना पालवी आहे. चेतना मॅडमचा फोन. कायम करता येणार नाही, पण पुढच्या हंगामाला पुन्हा तीन महिने घेऊ, टोळीने नाव घेऊन तुम्हाला मागितलंय. नीलम्मा म्हणाली म्हणे, "आमाला हेच साहेब पायजेत. दुसरा नको."

छाती भरून आली. ऋतुजाला लगेच कळवले. कायमचे जमले नाही हे घाईघाईत सांगितले, लोकप्रियतेचे सावकाश. मग म्हणाली, "म्हणजे औंदाबी मी हितंच." तिने बॅग रिकामी केली असावी, फोनवर कपाटाचा आवाज आला. ठेवता ठेवता म्हणाली, "पण तुम्हालाच का मागितलं ओ त्यांनी? विचारा की."

हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

३० सप्टेंबर
शेवटचा दिवस. टोळी टेम्पोत सामान चढवत होती. नीलम्माला बाजूला बोलावून सरळ विचारले. मला का वाचवले? मलाच का मागितले? माझ्यात असे काय पाहिले?

तिने पदराने तोंड पुसले. सांगू का नको, असा चेहरा. मग म्हणाली, "खरं सांगू का, साहेब? तुमी मानूस वाईट न्हाय. पर तुमी गेलासा की दुसरा येनार. आन् त्याला खरंच कन्नड येत असलं तर? आमी दिसभर बोलायचं काय?"

टेम्पो गेला. ऋतुजाला एवढेच कळवले, की लोकांनी मला माझ्या कन्नडमुळे निवडले आहे.