महानंदाची नळी

उस्मानाबाद, ४ ऑगस्ट १९५८
महानंदाच्या भावाचा निरोप आला. शनिवारी ट्रक घेऊन येतोय, बहिणीला सोलापूरला नेऊन स्टेथोस्कोप घेऊन देणार. तिचा स्वतःचा! आम्ही बाकीच्या नर्सिंगच्या पोरी वॉर्डातल्या एका नळीसाठी सिस्टरबाईंच्या मागं मागं. पाळी आली तरी ठोका सापडायच्या आत काढून घेतात. आमच्या खोलीत हिच्या खाटेखाली उमरग्याचा तुपाचा डबा आहेच, आता हे. देव देतो तेव्हा छप्पर फाडून.

५ ऑगस्ट
म. म्हणते, निवडायला तूच चल. "रजिया, तुझे कान लई तिखट हाईत. मला काय कळतंय त्यातलं?"
कान माझे, नळी तिची. अब्बांना सांगावं तर म्हणतील, धीर धर. अणदूरला मशीनवर बसून अख्ख्या गावाला धीरच शिवून देतात.

९ ऑगस्ट
सोलापूर. दोन दाखवले. एक चकचकीत, लांब. दुसरा काळा, आखूड, म्हशीच्या दाव्यासारखा. तिचे दादा तोंड फिरवून दाराशी, दुकानदार आत. मी पदराआडून म.ची छाती ऐकली. गळ्यातली चांदीची लिंगाची डबी नेमकी आड येत होती. लिंगायताची पोर ती थोडीच काढणार? जरा सरकवून ऐकलं. काळ्यातून ठोका स्वच्छ. चकचकीतातून कुणी रजईखालून बोलावं तसा.
म.नं कानात घातलाच नाही. चकचकीत तेवढा गळ्यात घालून आरशात पाहिलं. "हाच घ्यू का गं?"
म्हटलं, "घे की. चांगलाय."
जळते मी. लिहून तरी टाकते.

१४ ऑगस्ट
नळी गळ्यात घालून जेवायला बसली. डॉक्टरसाहेब "वा" म्हणाले. मी ताट तसंच ठेवून उठले.

२२ ऑगस्ट
सिस्टरबाईंनी एकाच आजीचं ब्लडप्रेशर सगळ्यांना घ्यायला लावलं. मी वॉर्डातल्या नळीनं, बरोबर. म. तिच्या नळीनं, दोन्ही वेळा चूक. एक पोर म्हणाली, "एवढी भारी नळी, अन् ऐकू येत न्हाय?" सगळ्या हसल्या. मीही. लई गार वाटलं, संध्याकाळपर्यंत.
सिस्टरबाईंनी तिच्या कानात बॅटरी मारून पाहिली. नळीकडं कुणी बघेना. नवी कोरी, भारी, तिच्यात काय खोट असणार!

३० ऑगस्ट
म. कानात गोडंतेल घालून पडलीय. स्वतःची आहे म्हणून वॉर्डातली नळी तिला कुणी देत नाही.
"माझेच कान बधिर. नळी तर तू पारखलेली."
परीक्षेला बसणार नाही म्हणते. दादांना तिनं कळवलं, न्यायला या. घरी गेली की लग्न, मग कुठलं नर्सिंग.
बोलायला तोंड उघडलं होतं. नुसतं पाणी प्यायले.

७ सप्टेंबर
ट्रंक भरून झाली. नळी तिनं माझ्या उशाशी ठेवली. "तू ठीव. तुझ्या कानाला शोभंल." तुपाचा डबाही ठेवला.
हवी होती ना? मिळाली. हिच्यातून धड ऐकू येत नाही, हे मला एकटीलाच ठाऊक.
वॉर्डातली नळी मागून आणलीय. म. पायरीवर बसलीय. तिच्या कानात घालायची, माझ्या छातीला लावायची, एवढंच. ठोका ऐकेल. मग विचारेल, सोलापुरात तुला ऐकू आलं नव्हतं का गं?
फाटकाशी ट्रक थांबला. दादा ट्रंक उचलतायत. वॉर्डातली नळी माझ्या हातात. वही मिटते, पायरीकडं जाते.