खात्रीची जोडी

९ मार्च

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते, कारण त्याचं उत्तर मला येत नाही. हंसांची जोडी म्हणून विकलेले दोन्ही पक्षी नर निघाले, तर त्या दोघांची रास्त किंमत किती?

आम्ही दोघी बऱ्या आहोत. मागच्या कुंपणाची तार बदलून घेतली. यंदा अंडी लवकर सुरू झाली. तुझ्या पोटरीला चावलेला तो म्हातारा नर अजून तसाच माजोरी आहे; परवा त्यानं पोस्टमनला सायकलवरून खाली उतरूच दिलं नाही.

गेल्या सोमवारी रोपवाटिकावाले काका आले. गेल्या वर्षाच्या सुरुवातीला नेलेली जोडी टोपलीत घालून परत आणली होती.

"ताई, तुमच्या आईनं मला दोन नवरदेव दिलेत," ते म्हणाले. "दोन मोसम वाट बघतोय, नवरी कधी येते म्हणून!"

मी हसले. आईही हसली. काका हसताना दिसले म्हणून ती हसली, हे फक्त मला माहीत होतं.

आई जोडी कशी लावते, आठवतंय ना? काठी आपटून कळप उठवायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. नराचा आवाज बारीक, चिरका. मादीचा जाड, खालचा. दिसायला सगळे सारखेच. शेपटीखाली बघून ओळखणारे असतात, पण आई म्हणायची, "कशाला बिचाऱ्यांची अब्रू काढायची?" दोन सुट्या पक्ष्यांपेक्षा आपल्या जोडीला निम्म्यानं जास्त भाव मिळायचा, तो तिच्या कानाचा. मी ते कधी शिकले नाही. मला अभ्यास होता; म्हणून तर तू मला मास्तरीण म्हणायचास.

दीड वर्षापूर्वी एकदा कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि आई शेजारीच शांतपणे भाजी निवडत बसली होती. खांद्याला हात लावला तर दचकली. जाड आवाज तिला अजून येतात, बारीक येत नाहीत. तिनं माझं मनगट धरलं. "कुणाला बोलू नकोस. दादालाही नाही. कान गेले म्हटल्यावर जोडीचा भाव कोण देईल?"

मी शब्द दिला. वर माझ्या पदवीचा निकाल लागला त्या आठवड्यात फाटकावर पाटी रंगवली: खात्रीची जोडी. खाली वाढीव भाव, दाणा, अंडी, पिल्लं असा सगळा विचार करून काढलेला. आईच्या ज्ञानाला पहिल्यांदा योग्य मोल मिळतंय, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. आणि तिला ऐकू येत नाही हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात कशा मावल्या, कुणास ठाऊक.

आता तुझ्या नोव्हेंबरातल्या फोनबद्दल. या ओळीपाशी येऊन मी आधीचे तीन कागद फाडलेत.

बाळ गेलं, असं तू आईला सांगितलंस आणि ती म्हणाली, "छान झालं रे, आता नीट सांभाळा." त्यानंतर तुझा फोन नाही. मला हे वहिनीच्या पत्रातून कळलं. मी तिला लिहिलं, की आईला धक्का बसला असेल, भलतंच बोलून गेली. ते खोटं होतं, दादा. तिला ऐकूच आलं नव्हतं. रडू दाबलंस की तुझा आवाज बारीक होतो, लहानपणापासून. फोन ठेवून ती मला म्हणाली होती, "सगळं ठीक आहे म्हणतोय."

तिलाही मी खरं सांगितलं नाही. सांगायचं, तर ती काय बोलली तेही सांगावं लागलं असतं. ती रोज सकाळी अंगणातली झडलेली मऊ पिसं वेचत राहिली. बाळासाठी दुलई करत होती, हातभर लांबीची. तीन बाजू शिवून झाल्यात.

"मग या दोघांचं काय धरायचं? तुम्हीच ठरवा," काका त्या सोमवारी म्हणाले. मला ठरवता आलं नाही. मी सगळे पैसे परत केले; पण ते काही उत्तर नव्हे.

काल बाजारात पाटी नेली नाही. पिंजऱ्यांपुढे उभी राहून येईल त्याला सांगितलं, "जोडीची खात्री नाही, सुट्याचा भाव द्या. आईला आता नीट ऐकू येत नाही." आई शेजारीच उभी होती. माझे शब्द तिला कळले नाहीत, लोकांच्या नजरा कळल्या. चौदा पक्षी नेले होते, सगळे गेले. परतताना ती गाडीत माझ्याकडे पाठ करून बसली.

घरी आल्यावर मी बाळाचं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवलं, आणि तुझ्या फोनचंही. ती बोट फिरवत वाचते, तुला माहीत आहे. दोनदा वाचलं. मग विचारलं, "मी काय म्हणाले त्याला?" मी त्या ओळीवर बोट ठेवलं.

तेव्हापासून दुलई तिच्या मांडीवर आहे. चौथी बाजू शिवलेली नाही, उसवलेलंही काही नाही.

फोन करू नकोस, दादा. लिही. ठळक लिही, म्हणजे तिला वाचता येईल.

तिला दिलेला शब्द मी मोडला, पण तिच्या पाठीमागे नाही. हे पत्र बंद करण्याआधी तिच्या हातात दिलं. तिनं शेवटपर्यंत वाचलं आणि काहीही न खोडता परत दिलं.

तुझी,
मास्तरीण