बिब्ब्याचा डाग

सर, तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. तुमची आठवण निघाली की लोक अजून म्हणतात, काय हुशार डॉक्टर होते! कसली हुशारी, डोंबलाची! तुमच्या हाताखाली नवी डॉक्टरीण म्हणून मी रोज बघत होते की. पेशंटपासून दोन हात लांब उभं राहायचं, लुगड्यावरूनच नळी टेकवायची आणि निदान ठोकून द्यायचं, एवढीच तुमची विद्या.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला, पावसाचा पत्ता नाही, चाकूरकडे गुरांची छावणी. माणसंही तिथंच बैलांजवळ निजायची. तिथून ती बाई आली. अंग तापानं फणफणलेलं, धाप लागलेली, छातीच्या फोटोत दोन्हीकडं पांढरे डाग. कमरेला, लुगड्याच्या गाठीखाली, एक काळी खपली. तुम्ही लांबूनच म्हणालात, "बिब्बा घातलाय. अडाणी लेकाचे, जरा दुखलं की बिब्बा! न्यूमोनिया आहे, पेनिसिलिन द्या." ती बिचारी धापा टाकत सांगून राहिलीय, "न्हाई ओ साहेब, बिब्बा न्हाई लावला. गोचीड हुतं, उपटून टाकलं." तुम्ही ऐकताय होय! मी तिचे तळहात, तळपाय उघडून पाहिले. सगळीकडं लाल पुरळ. गोचिडाचा ताप आहे, छातीत उतरलाय, असं मी म्हणाले, तर वॉर्डासमोर हसलात. "गोचीड गुरांना लागतं, बाई. तुम्ही जनावरांच्या दवाखान्यात नोकरी बघा."

मी तुमच्या तोंडावर सांगून तिला तुमच्या पेनिसिलिनच्या जोडीला गोचिडाच्या तापावरचं टेट्रासायक्लिन सुरू केलं. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, धाप बसली, बाई भाकर मागायला लागली. आणि राउंडला तुम्ही म्हणता, "बघा, पेनिसिलिनची कमाल!" वर उलट उत्तराची शिक्षा म्हणून मला उदगीरला लसी टोचायला धाडलंत. मी तिकडं असताना तिचा दीर आला. तसाच ताप, तशीच धाप, मांडीवर तशीच खपली. त्याला तुम्ही तुमची ती कमालच टोचत राहिलात. गेला तो. तुमचं मात्र पडलो तरी नाक वर: "उशिरा आणला."

हे पत्र धाडायचं कुठं, मसणात? राहू दे इथंच. पण खोटं कशाला बोलू? त्या राउंडला सगळ्यांसमोर मला एकदा शाब्बास म्हणाला असतात ना, तर त्या दिराचं मरणसुद्धा मी तुम्हाला माफ करून टाकलं असतं.