हैदराबादी अंघोळ

अंबरपेठ, हैदराबाद

धम्मादादा,

तुला आणि मायला जय भीम. मी बरी आहे. उजव्या हाताला पट्ट्या आहेत, म्हणून हे डाव्या हाताचं अक्षर. मायचे गुडघे कसे आहेत?

रविवारी तू घरच्या ग्रुपवर दोन तोंडांचं वासरू टाकलंस, शाळांच्या सुट्टीची बातमी टाकलीस आणि मधेच एका बाईचा व्हिडिओ. कॅन्टीनच्या पायऱ्यांवरून ती सांबाराच्या बादलीसकट घसरते. खाली तू लिहिलंस, 'हैदराबादी अंघोळ'. मायनं बोलून पाठवलं, 'म्हशीवानी पडली बाई! परत लाव रे.'

ती मी होते. टोपी आणि मास्कमुळं तुम्ही ओळखलं नाही. मायचा बीपी वाढेल म्हणून मीही कळवलं नव्हतं.

सांबार उकळतं होतं. माझं ओरडणं तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण कुणीतरी त्यावर गाणं लावलंय.

डॉक्टर म्हणतात, नवी कातडी येईल. इथल्या पोरी अक्का अक्का करत वेणी घालून देतात. काळजी नको.

फोन करू नकोस. मायला तो व्हिडिओ परत लाव. तिचं हसून झालं, की हे पत्र वाचून दाखव.

तुझी बहीण,
रेणुका