वैष्णवीवर गेमचा परिणाम

४ ऑक्टोबर, शनिवार. विंझर.
आजपासून नोंदी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत पालकसभा आहे. ‘हिंसक गेम आणि आपली मुलं’ यावर बोलायला सरांनी मलाच सांगितलंय. नसरापुरात हार्डवेअरच्या काउंटरवर दिवसभर माणसंच बघतो, त्यामुळे निरीक्षण पक्कं. शिवाय केस घरातच आहे. माझी वैष्णवी, आठवीत, मोबाईलवर बंदुकांचा गेम खेळते.
संकल्प : शांत राहायचं. आवाज चढवायचा नाही.

५ ऑक्टोबर
मोबाईल काढून घेतला, कपाटात कुलूपबंद. आवाज थोडा चढला. एक चापट मारली, हलकीच. बायको, रत्ना, म्हणाली, पोरीच्या गालावर बोटं उठल्यात. कातडीच नाजूक आहे तिची.

८ ऑक्टोबर
अभ्यासासाठी गेम स्वतः खेळलो. चार मिनिटांत सात वेळा मेलो. वैष्णवीला विचारलं, कसं वाचायचं? भिंतीकडे बघत म्हणाली, पावलांचा आवाज आला की आडोशाला बसायचं, पप्पा. पाठच आहे तिला.

१२ ऑक्टोबर
लक्षणं. माझी गाडी वळणावर आली की वैष्णवी मागच्या दाराने बाहेर जाते. जेवताना दाराकडे तोंड. भांडं पडलं तरी दचकते. आठवडाभर मोबाईलला हात नाही, तरी ही दशा. रत्ना म्हणते, तुमी नसरापूरला गेला की गाणी म्हनती ती. म्हणजे गेम मुलांना लबाडही करतो. नवा मुद्दा.

१६ ऑक्टोबर
आमटी खारट. ताट फेकलं. भिंतीवर फेकलं, वैष्णवी नेमकी भिंतीपाशी बसली होती. मी असा नाही. पण मध्ये चार मिनिटं गेम खेळलो होतो ना! मोठ्यांवरही परिणाम होतो. भाषणात घ्यायचं.

२४ ऑक्टोबर
वैष्णवी हिर्डोशीला संपतमामाकडे गेली, भात झोडायला. स्वतःहून. तिथे रेंज नाही, एसटी मोजक्याच. गेमवेडी पोर अशा जागी आपणहून जाते म्हणजे उतार पडला. माझ्या उपायांना यश.

२ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.
बरी झालेली पोर बघायला हिर्डोशीला जाऊन आलो. गाडी खालीच लावून चढ चालत गेलो, म्हणून कुणाला चाहूल लागली नाही. वैष्णवी खळ्यावर पेंढ्या झोडत होती आणि मामीला काहीतरी सांगून पोटभर हसत होती. इतकं मोठ्याने हसते हे मला माहीतच नव्हतं. ऐकत उभा राहिलो. बरं वाटलं.

मग हाक मारली. हसणं तिथेच थांबलं. आली, पण तीन हात लांब उभी राहिली. मी घाम पुसायला हात वर केला, तर डोकं धरून खाली बसली.

संपत हळूच म्हणाला, दाजी, हितं तर मोबाईल बी न्हाई.

हात सावकाश खाली आणला. ती उठली नाही.

माझ्या पोरीला माझी भीती वाटते. दुसरं काही कारण लिहिता येतंय का म्हणून तासभर वही उघडून बसलोय. सापडत नाही.