आठ नंबरची जर्सी

शनिवार, १ फेब्रुवारी १९८६

रग्बीचा सामना हरता हरता वाचलो. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, तर आमचा ट्रेव्हर ऑडी समोरच्या टीमच्या ओळीत जाऊन उभा! अख्खं मैदान हसलं. "ट्रेव्हर, किती पैसे दिले रे त्यांनी?" — कुणीतरी ओरडलं. तोही हसला. मीही.

पण त्याचं पळणं बघवत नव्हतं. चौदा वर्षं पुढच्या फळीत छाती देऊन उभा राहिला हा गडी. आता पोरं त्याला सहज वळसा घालून जातात.

मंगळवार, ४

शनिवारी कपची उपांत्य फेरी. मी कोच झाल्यापासून इथवर पहिल्यांदाच आलोय. ट्रेव्हरला वगळावं का? दिवसभर तेच.

शाळेत मास्तरांनी पाठ करून घेतलेली घोड्याची कविता आठवली. खाणीवरचा रहाट ओढणारा घोडा. म्हातारपणी त्याला हिरव्या कुरणात सोडतात, तर तिथंही बिचारा गोल गोलच फिरत राहतो. तेव्हा त्या कवितेपायी छड्या खाल्ल्या. आता एक ओळ चुकत नाही.

गुरुवार, ६

सांगून टाकलं. सराव संपल्यावर, न्हाणीच्या दाराशी.

"शनिवारी आठ नंबर बॅरी लम घालेल."

"आणि मी?"

"तू नाहीस. पळणं राहिलं नाही तुझं, ट्रेव्हर."

बराच वेळ माझ्याकडे नुसता बघत राहिला. शब्द पोचलेच नाहीत जणू. मग पिशवी उचलून गेला.

क्लबात माझ्या टेबलाशी कुणी बसलं नाही. लांबूनच क्लबाचा जुना सभासद हॅरल्ड म्हणाला, "खाणीच्या संपाच्या वर्षी घरात कोळसा नव्हता, तरी हा माणूस खेळायला यायचा. आणि तुम्ही—! लाज वाटते का काही?"

वाटली नाही. काहीच वाटलं नाही. समोरचा खिम्याचा पॅटिस गार झाला होता, तो खाल्ला. चव नव्हती.

शुक्रवार, ७

आमच्याकडे जर्सी ज्याची त्याच्या घरी धुतात. टीममधून वगळलं की त्यानं ती स्वतः नव्या गड्याच्या दारी नेऊन द्यायची, सामन्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत. मीही नेली होती एकदा.

रात्री बॅरी आला. "कोच, ट्रेव्हर अजून आला नाही हो."

"येणारही नाही," माझी बायको इनिड आतून म्हणाली. "मी असते तर फडकी केली असती त्या जर्सीची!"

दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. तेही बॅरीशी.

शनिवार, ८. सकाळी

मागच्या दाराशी ट्रेव्हरची बायको, मॉरीन. हातात जर्सी — इस्त्री केलेली. शिव्या घालायला आली असेल, असं वाटलं.

"काका, काल निघाला होता तो ही घेऊन. बॅरीचं घर सापडेना त्याला. आमच्याच गल्लीत, काका! नोव्हेंबरात डोक्याला मार बसला ना, तेव्हापासून असंच चाललंय. 'कोचला सांगितलंस तर बघ,' म्हणायचा. बरं झालं, तुमचं तुम्हालाच कळलं. फार उपकार झाले." माझा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

मला काहीच कळलं नव्हतं. मी त्याचं पळणं बघत होतो.

आमचाच माणूस त्यांच्या ओळीत जाऊन उभा राहिला होता — आणि मी हसलो होतो.